लाल गाडीत बॉयलरचं गेज

महाड, सोमवार दुपार
(लाइट गेलेली आहे, म्हणून अक्षर खिडकीकडे झुकलेलं दिसेल)

चि. अरविंद यास रामजीमामाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. बरे म्हणजे तुझ्या मामीचे गुडघे पायरी उतरताना बोलतात आणि चढताना गप्प असतात, आणि माझं ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या यंत्रावर एकशे चाळीस-नव्वद आलं. (हे यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलं, असं मी साधं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळेपासून तुम्ही कंपाउंडरकडूनच मोजून घेत जा.) चि. सौ. प्रियदर्शिनीची कंबर आता कशी आहे? बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात कामाला लागू नको असं मामीनं सांगितलं होतं, ते तिनं ऐकलं नसणारच. छकुली पालथी पडायला लागली तो फोटो मिळाला. मामीनं तो बोटांनी इतका मोठा केला की शेवटी पडद्यावर नुसतं नाक उरलं, आणि ते नाक आमच्या घराण्याचं आहे असा निकाल तिनं दिला. तुझ्या सासूबाईंना कळवू नये.

शनिवारी संध्याकाळी तू फोनवर विचारलंस, मामा, गिऱ्हाईक गाडी न घेता परत का गेलं, आणि माझा फोन का उचलत नाही? मी सांगायला घसा साफ केला तेवढ्यात मामीनं फोन घेतला. मग दूध, दात आणि कानटोपी या तीन विषयांवर पाऊण तास गेला आणि तुझ्या फोनची बॅटरी संपली. तशीही ही हकिकत फोनवर सांगण्यासारखी नाही. बत्तीस वर्षं मी कंपनीच्या बॉयलर हाउसमध्ये काढली. आमचे साहेब म्हणत, लॉगबुकात नाही ते घडलंच नाही. तेव्हा जे घडलं ते सगळं लिहून पाठवतो, म्हणजे तुझ्या मनात शंका राहायला नको.

तुझी ती लाल गाडी आमच्या दारात येऊन सहा महिने झाले. पुण्याला सोसायटीत एकाच गाडीला जागा, आणि घरात तिसरं माणूस आल्यावर दोनच सीटची स्पोर्ट्स कार ठेवून करायचं काय, हे तुझं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. तू म्हणालास, विकली जाईपर्यंत मामाकडे राहू दे, आठवड्यातून एकदा चालू करून पंधरा मिनिटं फिरवून आण, नाहीतर इंजिन आखडतं. मी शब्द दिला. पंधरा मिनिटांत महाडातून कुठं जाता येईल याचा विचार केला तेव्हा सवचे झरे हे उत्तर आलं. (येण्याची पंधरा मिनिटं मी धरत नाही. तू फिरवायची म्हणालास, परत आणायची किती ते म्हणाला नाहीस.) तिथल्या गरम पाण्यात गुडघे अर्धा तास बुडवले की मामीचा आठवडा बरा जातो. पहिल्या रविवारी ती गाडीत बसली आणि म्हणाली, "अगो बाई, हे तर पाटावर बसल्यासारखं हाय. आता ताट वाढा." उतरताना मला तिचे दोन्ही हात धरून तिला उभी करावी लागते, आणि समोरच्या दुकानातली माणसं ते बघतात. आधी मला संकोच वाटायचा. आता नाही वाटत.

तर जानेवारीत एका रविवारी आम्ही सवहून परत येत होतो. हायवेच्या पुलाखाली ट्रक आडवा होता म्हणून गाडी उभी केली, आणि मामी एकदम म्हणाली, "अहो, ती किटली पेटली बघा." मी म्हटलं, कुठली किटली? "ही काय, लाल. चोचीतून थेंब पण पडतोय." तो ऑइलचा दिवा होता. अरविंद, ज्यानं कुणी त्या दिव्यावर ते चित्र काढलं त्याला किटलीच काढायची होती असं आता मलाही वाटतं. ॲक्सिलेटरवर पाय ठेवला की किटली विझायची, पाय उचलला की पुन्हा लुकलुक. आता या दिव्याविषयी माझं मत तुला माहीत असावं म्हणून लिहितो. दिवा हा अतिशय आळशी कामगार. इंजिनात तेलाचा दाब पाच आहे की तीन की दीड, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. सगळं संपत आलं की मग डोळे लाल करून उठतो. बॉयलरवर असा माणूस मी एक दिवस ठेवला नसता.

तुला फोन केला. तू म्हणालास, मामा, बहुतेक दिव्याचा स्विच कमजोर झालाय, इंजिन ठीक असेल, पण गिऱ्हाईक ती किटली बघून पळून जाईल. ऑइल प्रेशरचं वेगळं गेज बसवून घेऊ, म्हणजे त्याला दाबच दाखवता येईल. मी गेज पाठवतो, तुम्ही गॅरेजवाल्याकडून बसवून घ्या. हे तुझं वाक्य मी शब्दाला शब्द लिहिलं आहे, कारण पुढच्या सगळ्या प्रकाराची सुरुवात तुझ्याच वाक्यापासून होते. गॅरेजवाल्याकडून हा भाग मी ऐकला नाही. बॉयलर अटेंडंटची सेकंड क्लासची परीक्षा रात्रपाळीत पुस्तक वाचून पास झालेल्या माणसाला दाबाचं गेज बसवायला तू गॅरेज दाखवावंस, याचं वाईट वाटून घेतलं नाही, एवढंच सांगतो.

तुझं पार्सल आलं. गेज दोन इंचांचं, बांगडीएवढं. मुरारीला बोलावलं. (मुरारी म्हणजे आमच्या प्लँटचा फिटर, आता महाड-पोलादपूर सहा सीटर चालवतो, तुझ्या लग्नात जो पंगतीत वाढताना घसरला तो.) आम्ही ते बॅटरीला जोडून बघितलं, तर त्याचा काटा आपणहून शेवटपर्यंत जाऊन परत आला, तबकडी निळी झाली आणि त्यानं गाणं म्हटलं. मामीला गाणं आवडलं. मला मात्र खटकलं. इंजिन तिकडे बंद, तेल तळाशी झोपलेलं, आणि हा इकडे काटा नाचवतो, याचा अर्थ काय? सोबतच्या कागदावर सूचना होत्या, त्यातली एक अशी की घट्ट करावे परंतु घट्ट करू नये. मी चष्मा लावून दोनदा वाचली, मग मुरारीला दिली. तो म्हणाला, "रामजीदादा, ह्याला गेज नाय म्हणायचं, ह्याला जत्रा म्हणायचं."

तेव्हा माझी नजर शोकेसकडे गेली. तुला आठवत असेल, मी रिटायर झालो तेव्हा दोन नंबरचा बॉयलर भंगारात निघाला होता. त्याचं पितळी गेज बॉयलर हाउसच्या पोरांनी घासूनपुसून, सागवानी पाटावर बसवून, खाली माझं नाव कोरून मला भेट दिलं. (मामी तेव्हा म्हणाली होती, घड्याळ दिलं असतं तर वेळ तरी कळली असती.) सहा इंची तबकडी, शून्यापासून दहा किलोपर्यंत दाबाचे आकडे, त्याला ना बॅटरी लागते ना गाणं. दाब आला तर काटा चढतो, गेला तर उतरतो, आणि खोटं बोलायला त्याच्याकडे जागाच नाही. आठ वर्षं ते काचेआड शून्यावर बसून होतं. मला ते बघवत नसे.

बसवण्याची हकिकत थोडक्यात सांगतो. गाडी इतकी बुटकी की तिच्याखाली जॅक जाईना. पुढची चाकं फळ्यांवर चढवली आणि मुरारी पाठीवर सरकत आत गेला. दिव्याचा स्विच ऑइल फिल्टरच्या बाजूला असतो. तो काढून त्या जागी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवायचा, टीच्या एका तोंडाला स्विच परत लावायचा आणि दुसऱ्या तोंडातून नळी काढून गेजकडे न्यायची, इतकं सोपं. औद्योगिक वसाहतीच्या गेटजवळच्या भंगारवाल्याकडून एक सुताचा टी आणला, म्हणजे इंचाचा आठवा भाग. टी तीन फेरे गेला आणि अडला. मुरारी खालून म्हणाला, "लाव की जोर!" मी म्हटलं, आटे जुळत नाहीत. "एक सुताचंच हाय ना? मग कुठं जातंय, जाईल आत!" इथं माझी चूक झाली ती मी कबूल करतो. मी जोर लावला. टी बसला, आणि मिनिटाला एक थेंब गळायला लागला. अंगणात मामीनं पोह्याचे पापड वाळत घातले होते, त्यांच्या दिशेनं तेलाचा ओघळ निघाला तेव्हा मामीनं खाटेसकट पापड उचलून नेले आणि आम्हाला दोघांना एकच शब्द ऐकवला, तो इथे लिहीत नाही. मग मी भिंग घेऊन आटे मोजले. गाडीच्या आट्यांचा हिशेब इंचाला अठ्ठावीस, आणि भंगारवाल्याच्या टीचा सत्तावीस. दोघंही स्वतःला एक सुतच म्हणवतात! एका आट्यानं सबंध संसार गळतो हे मी मुरारीला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या लग्नातच कुणी मोजलं असतं तर!" शेवटी त्याच्याच जुन्या डब्यात अठ्ठावीसचा टी निघाला. (पांढरी टेप मी गुंडाळू दिली नाही. तिचा एक धागा तेलाच्या वाटेत गेला तर इंजिनाचा घास अडकतो. आट्यांना मलम लावलं.) तांब्याच्या नळीला वाटेत दोन वेटोळे दिले, म्हणजे इंजिन थरथरलं तरी नळी तुटत नाही, आणि पत्र्यातून आत घेताना भोकाला रबरी बूच लावलं.

राहिला प्रश्न जागेचा. ताटलीएवढं गेज तुझ्या गाडीत कुठं बसणार? शेजारच्या सीटसमोरचा कप्पा काढला, तिथं अगदी मापात बसलं. कप्प्यात गॉगल, दोन पेनं आणि सिनेमाची दोन तिकिटं निघाली. तिकिटांवरची तारीख तुझ्या लग्नाच्या वर्षभर आधीची आहे. शेजारी कोण होतं हे मी विचारत नाही. तिकिटं चुलीत घातली.

गेजखाली मी सायफनही लावला, म्हणजे ती डुकराच्या शेपटीसारखी वळलेली नळी. ती वाफेसाठी असते, तेलाला तिचा काही उपयोग नाही; पण तिच्याशिवाय गेज मला टोपीविना पोस्टमन दिसायला लागलं. आणि सायफनखाली कॉक, म्हणजे फिरवायची तोटी. आता हा कॉक नीट समजून घे, कारण तुझं गिऱ्हाईक या कॉकवरून गेलं. गेज खरं बोलतंय की कुठं अडकून बसलंय हे कळायला प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला अटेंडंटनं कॉक फिरवून थोडी वाफ बाहेर सोडायची; काटा शून्यावर येतो, कॉक बंद केला की परत जागेवर चढतो, मग लॉगबुकात सही. बत्तीस वर्षं, एकही पाळी न चुकवता. आमच्या बॉयलरजवळ माझ्याच हातानं रंगवलेला फलक होता, "आधी समोर पाहा, मग कॉक उघडा." त्या फलकामुळे माझ्या पाळीत कुणाच्या अंगाला कधी फोड आला नाही, याचं मला प्रमाणपत्रही आहे. तुझ्या गाडीतही मी इंजिन चालू केलं की तसंच करतो. फक्त इथं वाफेच्या जागी तेल येतं, म्हणून मामी कॉकच्या तोंडाशी दुधाच्या पावडरचा रिकामा डबा धरते. चमचाभर तेल डब्यात पडतं, काटा खाली येतो, वर जातो, मामी म्हणते, "बरोब्बर," आणि आम्ही निघतो.

तबकडीवर लाल रेघही मारली. (तुझ्या लग्नाला आलेलं कुणीतरी आमच्याकडे नेलपॉलिश विसरून गेलं होतं.) सवयीनं मी ती वरच्या बाजूला, साडेआठवर मारली. मामी शेजारी उभी होती. म्हणाली, "आणि काटा खाली पडला तर?" बॉयलरला भीती दाब चढण्याची, इंजिनाला भीती दाब उतरण्याची, हे बत्तीस वर्षांच्या अनुभवातून माझ्या लक्षात आलं नाही आणि चौथी शिकलेल्या बाईच्या लक्षात आलं. दुसरी रेघ एकवर मारली. पहिली पुसता आली नाही, ती तशीच आहे.

निकाल असा. इंजिन गार असताना पाच, तापल्यावर रस्त्याला साडेतीन, उभ्या गाडीत सव्वा. तुझं इंजिन ठणठणीत आहे, दिव्याचा स्विचच म्हातारा झाला होता, तोही बदलला, किटली विझली. इथं खरं म्हणजे काम संपलं. पण गेज मामीच्या समोर, आणि गेज असेल तिथं लॉगबुक हवं, म्हणून मी तिला जुनी वही आणि पेन्सिल दिली. वेळ, ठिकाण, दाब आणि शेरा असे चार रकाने आखून दिले. आता शेरा म्हणजे गेजबद्दल लिहायचं असतं. मामीनं काय लिहावं? "सव, साडेतीन, पाणी आज जास्त गरम." "पाचाड, साडेतीन, ताक चांगलं, भाकरी जाड." "पोलादपूर, सव्वा, चंद्राक्का रडली, मग हसली." (चंद्राबाई म्हणजे तिची थोरली बहीण. सात वर्षं दोघींची भेट लग्नात आणि मयताला व्हायची, आता महिन्यातून दोनदा होते.) मी म्हटलं, अगं, हे शेरे नव्हेत. ती म्हणाली, "बत्तीस वर्षं तुम्ही घरी येऊन सांगायचात, आज काटा एवढा, आज काटा तेवढा. मी काटा कधी बघितलाच नव्हता. आता दिसतोय तर मला लिहू द्या." मी गाडी पुढे घेतली. तिन्ही पाळ्यांत, अरविंद, रविवार माझा कधी होता आणि कधी नव्हता याचा लॉग कुणी ठेवलेला नाही.

तर शनिवार. तुझं गिऱ्हाईक, चि. अक्षय, अकरा वाजता आला. त्याच्या मित्रानं त्याला इथं सोडलं आणि मित्र रायगड बघायला गेला, म्हणजे हा आमची गाडी घेऊनच पुण्याला परत जायच्या तयारीनं आला होता. पोरगा वाईट नाही. उंच, गोरा, पांढरे बूट आणि क्रीम रंगाची पँट. मामी साडेदहापासून गाडीत बसली होती. तिची समजूत अशी की गिऱ्हाईकाला दाब बघायचा असणार, म्हणजे सहा आठवड्यांची नोंद दाखवावी लागेल. नवी साडी नेसली होती, वही मांडीवर, डबा पायाशी, पेन्सिलीला टोक.

अक्षयनं गाडीभोवती फिरून फोननं चित्रीकरण केलं. मग आत वाकला आणि म्हणाला, "काका, हा काय कुकर लावलाय?" मी सांगितलं, हे दोन नंबरच्या बॉयलरचं गेज आहे. तो हसला. त्यात गैर काही नाही, मुरारीही हसला होता. म्हणाला, "हे सगळं आधी काढून टाकायला लागेल. आतून सगळं काळं करणार आहे मी." तेही ठीक, गाडी त्याची होणार होती. मामीनं वही पुढे केली. त्यानं ती घेतली आणि न उघडता बॉनेटवर ठेवली. मग म्हणाला, "आजी, तुम्ही जरा उतरता का? मला बसून बघायचंय."

मी पलीकडच्या बाजूला होतो, मला वळसा घालून यायला वेळ लागला. तोवर मामी दार धरून एकटीच उठली. जरा वेळ लागला तिला. डबा तिच्या हातात होता, तो तिच्याबरोबर उतरला.

अक्षय तिच्या जागेवर बसला. मी चालकाच्या जागी बसून इंजिन सुरू केलं. काटा पाचवर चढला. पाळीची सुरुवात, इंजिन चालू, काटा वर, आणि बत्तीस वर्षांच्या सवयीनं माझा हात आपोआप कॉककडे गेला. डबा नाही हे माझ्या ध्यानात आलं नाही. पाच किलोच्या दाबानं तेल निघतं तेव्हा ते चमचाभर राहत नाही. (इंजिन नुकतंच चालू झालेलं असल्यामुळे तेल कोमट होतं, हे तुझ्या काळजीसाठी लिहितो. सवच्या पाण्याहूनही गार.) पोरानं असा आवाज काढला की समोरच्या दुकानातली माणसं उठून उभी राहिली. मी कॉक बंद केला. काटा परत पाचवर आला. गेज बरोबर होतं.

पुढे सगळं व्यवस्थित पार पडलं. मामीनं त्याला आत नेलं, माझा पांढरा पायजमा दिला (त्याला तो नडग्यांपर्यंतच आला), पँटला आधी रॉकेल, मग साबण, मग लिंबू लावलं. डाग निघाला नाही, नुसता पसरला. तेवढ्यात आलेला मुरारी म्हणाला पोलादपूर तालुक्याचा नकाशा झालाय, पण मला तसं वाटलं नाही. त्यानं मित्राला फोन करून परत बोलावलं, पण तो येईपर्यंत दोन तास त्याला बसावं लागलं. मामीनं पोहे केले, ते त्यानं दोनदा घेतले, वर चहा. मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून त्यानं बॉनेटवरची वही आणून उघडली. पायजमा घातलेला माणूस शांतपणे वाचतो. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आजी, ही चंद्राक्का रडली का?" मामीनं सांगितलं. ते सांगायला तिला अर्धा तास लागला. मित्र आला तेव्हा अक्षय उठला, दोघांच्या पाया पडला, गाडीला हात लावला नाही, आणि विचार करून कळवतो म्हणाला. त्यानं तुझा फोन उचलला नाही तो रागानं, की पायजम्याच्या लाजेनं, की आणखी कशानं, हे मला सांगता येणार नाही. घडलं ते एवढंच. यात माझी चूक असेल तर ती सवयीची आहे, आणि सवय कंपनीनं लावली.

सूनबाईंना जयभीम, छकुलीच्या दोन्ही गालांना आमच्या दोघांचा एकेक पापा. वाटून घ्यायला लाव, भांडण नको.

तुझा,
रामजीमामा

ता. क. अक्षयकडून पायजमा तेवढा मागवून घे. नवा आहे, दोनदाच घातलेला. त्याची पँट मी इस्त्री करून ठेवली आहे, पण ती परत पाठवणं चांगलं दिसेल का, हे सूनबाईंना विचारून कळव.

ता. क. दुसरा. तुझं निळं गेज मी मुरारीच्या सहा सीटरला बसवून दिलं. तिथं ते बॅटरीखेरीज कशालाच जोडलेलं नाही, पण चालू केल्यावर गाणं म्हणतं आणि पॅसेंजर खूश होतात. तुझी वस्तू तुला न विचारता दिली, याबद्दल बोलायचं असेल तर मला बोल, मुरारीला नको, त्याला वाटतं ते तू त्याच्यासाठीच पाठवलंस.

ता. क. तिसरा. गाडी विकू नकोस असं मी म्हणणार नाही, गाडी तुझी आहे. पण एक सांगायचं राहिलं. जुनी वही संपली, म्हणून मामीनं काल बाजारातून नवी आणली. दोनशे पानी. रकाने तिनं स्वतःच आखले, एका पानावर चार रविवार बसतात. वही अर्धवट टाकायची तिला सवय नाही. तर एवढी वही भरेपर्यंत गाडी इथंच राहू दे. दोनशे पानं, पानाला चार रविवार, किती होतात ते तू काढ, तू इंजिनियर आहेस. पुराचं पाणी चढायला लागलं तर मी गाडी पोलादपूरला चंद्राक्काच्या अंगणात नेऊन ठेवीन, तिला विचारून झालं आहे. तोवर छकुलीही मोठी होईल, मग तिला शिकवीन. गाडी नव्हे, कॉक.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवण्याआधी पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोराला खोटं नका लिहू." वर सवयीविषयी जे लिहिलं आहे ते खरंच आहे, पण अर्धं आहे. कॉक उघडण्याआधी समोर कोण आहे हे पाहिल्याशिवाय माझा हात बत्तीस वर्षांत एकदाही कॉकवर गेलेला नाही. शनिवारीही मी आधी समोर पाहिलं होतं.